पाण्याची वेळ फुटली

३ मार्च २०१३
पारिजात सोसायटी, सातारा परिसर, औरंगाबाद

चि. मृण्मयी,

आशीर्वाद. पाकीट फोडण्याआधी मागची बाजू पाहिली असशीलच, नसलीस तर आता पाहा. चिकटवलेल्या कडेवर मी निळ्या पेनने तिरप्या रेघा मारल्या आहेत. रेघा दोन्ही बाजूंनी जुळत असतील तर पत्र वाटेत कुणी उघडलेलं नाही. जुळत नसतील तर पाकीट जपून ठेव आणि मला कळव.

तू माझा फोन उचलत नाहीस. आईचा उचलतेस. ती बाल्कनीत जाऊन बोलते, आणि मी तिकडे गेलो की "ठेवते गं, कुकर झालाय" म्हणते. कुकर झालेला नसतो, मी ओट्यापाशी जाऊन पाहिलं आहे. तुझा पुण्याचा पत्ताही तिने दिला नाही. दिवाळीत तू पाठवलेल्या शालीच्या खोक्यावरून तो मी उतरवून घेतला.

आईकडून एवढंच कळलं, की बाबांनी आधी सार्थकला चोर ठरवलं आणि मग कारण शोधलं, असं तुझं म्हणणं आहे. हे मला लागलं. बारा वर्षं मी बोर्डाच्या भरारी पथकात काढली. पैठणपासून कन्नडपर्यंत कॉप्या पकडल्या, पण पुराव्याशिवाय एका पोराला कधी वर्गाबाहेर काढलं नाही. तेव्हा तू रागात अर्धं ऐकलंस ते आता शांतपणे वाच.

यंदा जायकवाडी तळाला गेलंय हे तू बातम्यांत पाहतेसच. आपल्या भागात महापालिकेची लाइन अजून आलेली नाही. चहूकडे इमारती मात्र उगवतायत, आणि प्रत्येक इमारतीच्या दारात टँकरची वाट पाहणारी माणसं. आपलं नशीब म्हणून आपल्या सोसायटीचं बोअर अजून जिवंत आहे, दिवसाकाठी तासभर चालतं. एवढ्या पाण्यात ए आणि बी इमारतींचं भागतं. मागच्या सी इमारतीत सगळे भाडेकरू, वाळूजच्या कंपन्यांत कामाला जाणारे. त्यांच्यासाठी टँकर ठरवलेला आहे. तो वेळेवर येत नाही, याला कमिटी काय करणार? पंपाची वेळ कळली की ते लोक पंपघराशेजारच्या बागेच्या नळावर हंडे घेऊन येतात आणि वरच्या टाक्या अर्ध्याच भरतात. म्हणून वेळ रोज बदलायची आणि ती गुप्त ठेवायची असं कमिटीने ठरवलं. सेक्रेटरी म्हणून निरोप देण्याचं काम माझ्याकडे आलं.

तू आणि सार्थकने कॉलेजात केलेलं ते 'कुलूप' मला तेव्हा आठवलं. कौतुकानेच आठवलं, हे लक्षात घे. मेसेज लिहायचा, अक्षरं वर्णमालेत पुढं सरकवायची, 'पाणी' लिहिलं की 'फाती' व्हायचं. एकाच मापाने सरकवलं तर शेंबडं पोरही ओळखेल, म्हणून चावीशब्द ठेवायचा आणि त्यातलं एकेक अक्षर सांगेल तेवढी घरं सरकायचं. शेकडो वर्षांपूर्वीची राजेलोकांची युक्ती, पण फोनमध्ये बसवलीत तुम्ही. सार्थकने घरी येऊन कमिटीतल्या आम्हा पाचही जणांच्या फोनवर ते घालून दिलं. दोनदा चहा घेतला आणि दोन्ही वेळा बिस्किटाला नको म्हणाला.

चावीशब्द त्याने दिला होता तो निरर्थक अक्षरांचा होता. कुणाच्या लक्षात राहीना. आपले अध्यक्ष नागापूरकर यांनी तो टीव्हीच्या मागे खडूने लिहून ठेवला. म्हणून मी बदलला आणि आपलं गोत्र घातलं, शांडिल्य. कमिटीतल्या सगळ्यांच्या तोंडात बसणारा शब्द, आणि मागच्या इमारतीत कुणाच्या डोक्यातही येणार नाही असा. खरं सांगायचं तर सार्थकच्याही येऊ नये असं मला वाटत होतं. ज्याने कुलूप केलं त्याच्याकडे किल्ली असू नये, एवढा साधा विचार. त्यात जातबित काढू नकोस.

आणि तरीही आठवड्याच्या आत वेळ फुटली. पुढचं पुढच्या पत्रात लिहितो, आई भाजी घेऊन आलेली दिसते.

बाबा


१२ मार्च २०१३

चि. मृण्मयी,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही. पत्र मिळालं हे मात्र मला ठाऊक आहे, कारण आईने काल विचारलं, "पाकिटावर रेघोट्या कसल्या मारता?"

आता पुरावा ऐक. वेळ कशीही ठेवा, सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी साडेपाच, मी खाली उतरायच्या आधी नळावर रांग असायची. पुढे द्वारकाबाई. ती वाळूजला एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते आणि तिचा नवरा कडुबा तिकडेच शिफ्टला असतो. मी विचारलं, "वेळ कुणी सांगितली?" तर म्हणाली, "सर, तहान लागल्याली कळती की माणसाला." अशी उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत. मोज्यात चिठ्ठी असलेला पोरगा असाच डोळ्याला डोळा भिडवून बोलतो.

मग मी सापळा लावला. कमिटीतल्या चौघांना मी चार वेगवेगळ्या वेळा पाठवल्या, चारही खोट्या. खरी वेळ, दुपारी सव्वातीन, फक्त मला ठाऊक होती. ती मी नेहमीसारखी कुलूप लावून माझी मलाच पाठवून ठेवली, कारण हल्ली विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. चारही खोट्या वेळा कोरड्या गेल्या, नळाकडे चिटपाखरू फिरकलं नाही. पाणी न आल्याने नागापूरकर फोनवर तणतणले ते वेगळं. तीनला मी सदरा चढवला, दहा मिनिटांनी जिना उतरलो, आणि खाली रांग लागलेली होती. द्वारकाबाई हंड्यावर बसून शेंगा सोलत होती.

आता तूच सांग. चौघांपैकी कुणी फोडली असती तर लोक खोट्या वेळेला आले असते. खरी वेळ माझ्या फोनबाहेर गेलीच नव्हती. म्हणजे फोनमधूनच ती कुणीतरी काढून घेत होतं, आणि फोनमध्ये शिरायची वाट ज्याने ते बनवलं त्यालाच ठाऊक. राहिला प्रश्न गोत्राचा. तुझी बोलणी करायला सार्थकचे वडील बन्सीराव आले होते तेव्हा मी त्यांना गोत्र विचारलं होतं. ते हसून म्हणाले, "आमच्यात देवक बघत्यात सर, गोत्र भटजीला ठाऊक." तेव्हा मी आपलं सांगितलं. सार्थक शेजारी बसून ऐकत होता. सी इमारतीत त्याच्या चितेगावचे दोघे-तिघे राहतात, हेही मी काढलं आहे. आपल्या माणसांसाठी माणूस काय करत नाही?

हे सगळं जुळल्यावरच मी बन्सीरावांना फोन केला आणि बोलणी थांबवली. सोसायटीच्या फळ्यावर सार्थकचं नाव घालून ठराव लावला, तो कमिटीचा निर्णय होता. याउपर मी काही केलेलं नाही.

आई सारखी म्हणते, "त्या पोराचं नाव घेऊ नका." का, म्हणून विचारलं तर गप्प बसते. तिचा स्वभाव तुला ठाऊकच आहे, दारात आलेल्या मांजरालाही ती दोष देणार नाही.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, एवढं तरी लिही.

बाबा


२१ मार्च २०१३

चि. मृण्मयी,

तुझा मेसेज मिळाला. इतक्या दिवसांनी लेकीचा निरोप आला म्हणून चष्मा शोधेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता, आणि उघडून पाहतो तर सगळी अक्षरं सरकवलेली. कुलूप लावून पाठवलंस. किल्ली कुठाय?

गोत्र घालून पाहिलं. तुझं जन्मगाव, तुझ्या शाळेचं नाव, तू लहानपणी पाळलेल्या सशाचं नाव, कुलस्वामिनी, तुझी रास, सगळं घालून झालं. नागापूरकरांनी 'मंगळसूत्र' घालून बघा म्हणून सुचवलं. त्यांना मी दाखवायला नको होतं, हे आता कळतंय. दर वेळी नवाच गोंधळ बाहेर येतो. एकदा 'बाबा' घातलं. ते सगळ्यात आधी घालायला हवं होतं असं वाटलं, पण त्यानेही उघडलं नाही.

मला आता शंका येते की मेसेज तू लिहिलेलाच नाही. सार्थकने तुझ्या नंबरावरून पाठवला असेल, मला खेळवायला. किंवा त्यात असं काही असेल जे मी वाचू नये आणि तरी माझ्याकडे असावं, असं तुला वाटतं. दोन्हींतलं काय ते कळव. मी शिक्षक माणूस, न सुटलेलं गणित उशाशी घेऊन मला झोप येत नाही.

किल्ली पाठव.

बाबा


२८ मार्च २०१३

मृण्मयी,

तुझा निरोप उघडला. मी नाही उघडला, आईने उघडला.

काल धुळवड होती. यंदा पाण्याचा रंग खेळायचा नाही असा फतवा मीच काढला होता, त्यामुळे सोसायटीत सामसूम होती. मी जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसलो होतो आणि आई पुरणपोळीला तूप लावत होती. तिने हात पुसले, फोन माझ्या हातातून घेतला, काही अक्षरं टाइप केली आणि वाचायला लागली. मोठ्याने. "बाबा, सार्थकला कामावरून घरी बसवलं आहे. त्याच्या ऑफिसात ठरावाची प्रत तुम्हीच नेऊन दिलीत. हे आईला सांगितलंत का?"

वाचून झाल्यावर तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. मी विचारलं ते भलतंच विचारलं. मी म्हणालो, "चावी काय होती?"

"सार्थक," ती म्हणाली. "तेवढं एक नाव तुम्ही घालणार नाही हे तिला ठाऊक होतं."

"आणि तुला हे चालवायला कुणी शिकवलं?"

"लेकीनं. ते कॉलेजात करत होती तेव्हा पहिला निरोप तिनं मलाच पाठवला होता. दोघी मिळून तासन्‌तास खेळायचो. तुम्ही तेव्हा कॉप्या पकडायला गेलेले असायचात."

मग तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहितो, त्यात मी काही गाळलेलं नाही.

"वेळ मी सांगत होते द्वारकाबाईला. तुम्ही दुपारी आडवे झालात की फोन चार्जिंगला असतो. तिची लेक बाळंतपणाला आलीय, वीतभर पोर आहे घरात. टँकर आठवडाभर आला नाही. आधी मी आपल्यातलाच एक हंडा देत होते. पण तुम्ही टाकीवर पेन्सिलीची खूण केली आणि सकाळी खूण उतरलेली दिसली की घरभर प्रश्न. मग मी काय द्यायचं तिला? वेळ दिली. सव्वातीनची वेळही मीच दिली. तुमच्या चार खोट्या वेळा मी वाचल्याच नाहीत, त्या तुमच्या फोनवर पाठवलेल्यांत होत्या, मी आलेलं तेवढंच बघत होते."

मी म्हणालो, "गोत्र..."

"लग्नात तुमच्याकडून मला काय काय मिळालं त्यात तेही होतं. तीस वर्षं लावतेय. ते मला ठाऊक नसेल असं वाटलं तुम्हाला?"

मला वाटलं होतं असं नाही. मला काही वाटलंच नव्हतं. मी नागापूरकरांवर संशय घेतला, त्यांच्या मेव्हण्यावर घेतला, टँकरवाल्यावर, फोन दुरुस्त करणाऱ्यावर, माझ्या होणाऱ्या जावयावर घेतला. घरात माझ्याशिवाय दुसरं माणूस राहतं आणि ते वाचू शकतं, हे एकदाही मनात आलं नाही.

मी चिडलो, हे लपवत नाही. म्हटलं, तू तेव्हाच का बोलली नाहीस, पोराचं नाव फळ्यावर लागलं तेव्हा? ती म्हणाली, "सांगत होते की त्याचं नाव घेऊ नका. तुम्ही का म्हणून विचारलंत, आणि मला भीती वाटली. सांगितलं असतं तर नळाला कुलूप ठोकलं असतंत, लोखंडाचं. बाळाचे चार दिवस तरी निघू देत म्हटलं. फळा काय, पावसात पुसला जाईल असं वाटलं मला. तुम्ही त्याच्या ऑफिसात गेलात हे मला कुठं ठाऊक होतं?" आणि मग ती रडली. मला तिच्या रडण्याचा राग आला आणि त्या रागाची लाज वाटली. पुरणपोळ्या तशाच राहिल्या.

बारा तारखेच्या पत्रात 'याउपर मी काही केलेलं नाही' असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

बाबा


८ एप्रिल २०१३

चि. मृण्मयी,

आशीर्वाद. तुझी आई बोलली नसेल, म्हणून सांगतो.

चार-पाच दिवस मी वाट शोधत होतो. सार्थकचं नाव काढायचं तर कुणाचं तरी घालायला हवं, आणि आईचं कसं घालणार? नागापूरकरांनी आम्हाला सोसायटीतून उठवलं असतं. मी आईला सुचवलं, की सॉफ्टवेअरमध्येच दोष निघाला असं जाहीर करू, म्हणजे कुणाच्याच अंगावर येणार नाही. ती म्हणाली, "म्हणजे पोरगा चोर नाही, अडाणी आहे. छान."

काल पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा होती. मालक लोक खुर्च्यांवर, भाडेकरू मागे उभे, अशी आपल्याकडची रीत. मी इतिवृत्त वाचायला उठलो तर आई माझ्याआधी उठली. तिला सभेत बोलताना मी कधी पाहिलेलं नाही. पदर नीट करून म्हणाली, "पंपाची वेळ सीमध्ये मी सांगत होते. फळ्यावर ज्याचं नाव आहे त्या मुलाचा यात काही संबंध नाही. ते नाव पुसा."

लोक हसले. नागापूरकर लाडात येऊन म्हणाले, "वहिनी, जावयासाठी जीव तुटतो, कळतं हो आम्हाला. पण हे आकड्यांचं काम आहे, तुमच्या आवाक्यातलं नव्हे. बसा तुम्ही." मला त्या क्षणी त्यांचा कान धरून त्यांना बाकावर उभं करावंसं वाटलं, आणि लगेच आठवलं की धुळवडीपर्यंत माझंही मत तेच होतं.

आई म्हणाली, "तुमचा फोन द्या."

त्यांनी गंमत म्हणून दिला. दुसरी सोय नव्हती म्हणून त्याच कुलपात मी सकाळी पाठवलेला निरोप त्यात होता. आईने शब्द घातला आणि शाळेतल्या मुलीसारखं सरळ उभं राहून वाचलं, "उद्या दुपारी तीन. फक्त ए आणि बी. सीला कळू देऊ नये."

आता कुणी हसलं नाही. मागून द्वारकाबाईचा आवाज आला, "पुन्यांदा वाचा की ताई. इथं मागं नीट ऐकू आलं नाय."

आणि आईने पुन्हा वाचलं. सीला कळू देऊ नये. ते शब्द माझे होते, मृण्मयी. अक्षरं सरकवलेली असतात तोवर आपण काय लिहितोय ते आपल्यालाही दिसत नाही. दोनदा मोठ्याने वाचल्यावर मला दिसलं. मागे पंचवीस-तीस माणसं उभी होती आणि एका बाईच्या कडेवर ते बाळ होतं. मला वर बघवेना.

कडुबा पुढं आला. तो शिफ्टवरून थेट आलेला, अंगावर कंपनीचा शर्ट. "सर, एवढं कोडं घालायची काय गरज व्हती? तोंडावर म्हणला असता नाय देत, तरी आम्ही काय केलं असतं?" त्याला उत्तर मी दिलं. म्हटलं, ठराव मी लिहिला होता, तो मी मागे घेतो. उद्यापासून तिन्ही इमारतींना पाळी लागेल आणि वेळ फळ्यावर लिहिली जाईल, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात. नागापूरकर म्हणाले, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग नियम काढा, बघू. ते अजून शोधतायत.

सार्थकचं नाव मी माझ्या हाताने पुसलं. आज सकाळी त्याच्या ऑफिसात जाऊन मालकांना भेटलो आणि लेखी दिलं की माझा आरोप चुकीचा होता. ते म्हणाले, "सर, तुमच्यासारख्या माणसानं लिहिलं म्हणून आम्ही विश्वास ठेवला." सोमवारपासून त्याला बोलावतो म्हणाले.

आई कालपासून माझ्याशी बरी बोलते आहे. म्हणजे भांडते आहे.

बाबा


१९ एप्रिल २०१३

चि. मृण्मयी,

आशीर्वाद. आम्ही दोघं काल चितेगावला जाऊन आलो. आईने फोन करून विचारलं आणि मगच निघालो. पैठण रोडवर दोन्हीकडे कंपन्यांची कुंपणं आणि मधेच एखाद्या शेताचा वाळका तुकडा. बन्सीरावांचं घर अशाच एका तुकड्याला लागून आहे. सार्थकच्या आई आशाबाईंनी आल्या आल्या तांब्याभर पाणी पुढं केलं. मी तांब्या तसाच धरून बसलो, पण आईने डोळ्यांनी दटावलं, मग प्यालो.

मी येताना बोलायचं पाठ करून आलो होतो. दोन वाक्यं झाल्यावर बन्सीरावांनी हात वर केला.

"माफी राहू द्या सर. एक सांगतो ते ऐका. तुम्ही फोनवर म्हणला व्हता, तुमच्या पोरानं आमचं पाणी फोडलं. म्या म्हणलं, सर शिकल्याले हायत, लई पोरं तपासल्यात त्यांनी, बघूनच बोलत असतील. मंग म्या पोराला इचारलं, केलं का रं असं काई? त्यानं माझ्याकडं बघितलं नुसतं. तवापासून जेवढ्यास तेवढं बोलतं माझ्याशी. तुम्ही शंका घेतली तर तुम्ही परके हाव. म्या बाप असून इचारलं, ते बोचतंय मला."

आयुष्यभर मी पोरांच्या बापांना असे फोन केले. फोन ठेवल्यावर त्या घरांत पुढे काय होत असेल, याचा विचार कधी केला नव्हता. आणि त्यातले किती खरे होते, हेही आता छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

सार्थक आतून आला. वाकून नमस्कार केला, मला आणि आईला. बसला नाही. म्हणाला, "सर, एकच विचारायचं होतं. कुलूप फुटलं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही. ते नीट होतं. फोन उघडा होता."

"तेवढंच ऐकायचं होतं," तो म्हणाला आणि बैलांकडे गेला. चांगला मुलगा आहे. मी हे आधीही म्हणू शकलो असतो.

निघताना बन्सीरावांनी सहज सांगितलं, की विवाह नोंदणीच्या कचेरीत तुझी आणि सार्थकची नोटीस लागली आहे आणि मे महिन्यात नोंदणी आहे. साक्षीला तीन माणसं लागतात, दोन ठरली आहेत. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा नवीन काही ऐकल्यासारखा नव्हता.

बसमध्ये विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही हरकत घेतली असती," ती म्हणाली.

बाबा


२४ एप्रिल २०१३

चि. मृण्मयी,

आज कचेरीत जाऊन आलो. आईला दवाखान्यात जातो म्हणून सांगितलं. ही थाप होती, पण घरी येऊन मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच.

तुमची नोटीस भिंतीवरच्या काचेच्या पेटीत लावलेली आहे. तुझं नाव, माझं नाव, आपला पत्ता, शेजारी त्याचं नाव, बन्सीरावांचं नाव, चितेगाव. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. सवयीने चुका शोधत होतो, एकही सापडली नाही. पुन्हा एकदा वाचली, या वेळी नुसतीच. तुझ्या नावापुढे वय सव्वीस लिहिलंय. मला तू अजून दहावीच्या वर्गातली वाटतेस, आणि तुला कधी मी एखादं गणित चुकवू दिलं नाही, म्हणून तू मला काही विचारायचीच बंद झालीस, हे तिथं उभं असताना कळलं. वाईट वाटलं.

मी बराच वेळ हलेना म्हणून खिडकीतल्या कारकुनाने हाक मारली. "काका, हरकत घ्यायचीय का? अर्ज इथंच मिळतो. तीस दिवसांच्या आत द्यावा लागतो." त्याने अर्ज पुढेही केला. रोज असे बाप येत असणार त्याच्याकडे.

मी म्हटलं, "नाही. मुलगी आहे माझी. वाचायला आलो होतो."

तो म्हणाला, "बरं."

मग मी विचारलं, साक्षीदाराला काय काय आणावं लागतं. तो म्हणाला, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो. कचेरीच्या समोरच स्टुडिओ आहे. फोटोवाला म्हणाला, काका, जरा हसा. जमलं नाही, पण चेहरा ओळखू येतो.

फोटो काढून आणले आहेत. तिसरं माणूस अजून ठरलं नसेल तर कळव.

बाबा